जागा राखणारा जॉबर

रिकामी खुर्ची दिसली की जॉबरला चैन पडत नसे. माणूस पाणी प्यायला उठला तरी हा जाऊन त्याच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. जेवणघराच्या दाराशी त्याचं स्वतःचं एक स्टूल होतं, पण त्यावर तो बसलेला मी कधी पाहिला नाही. स्टुलावर त्याची काळी टोपी असायची आणि तो दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत येरझारा घालत असायचा. त्या येरझारांनी माझंच डोकं गरगरायचं. एकदा मी म्हटलं, जॉबर, दोन मिनिटं टेका तरी. तर म्हणाला, "टोपी बसलीय ना माझी. तेवढं पुरे."

मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमचं वृद्धनिवास होतं. एक बैठी इमारत, सव्वीस म्हातारी माणसं, एक स्वैपाकघर आणि एक कमिटी. मी त्या कमिटीचा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे आठवडाभर बँकेत राबून रविवारी इथे राबणारा. माझं अक्षर चांगलं म्हणून मला धरून आणलं होतं, आणि नाही म्हणायला मला आयुष्यात जमलेलं नाही. जॉबर आमच्याकडे आला तो गिरण्यांच्या संपानंतर. परळच्या एका गिरणीत तो सांचेखात्यात, मागांच्या खात्यात, जॉबर होता, म्हणजे कामगारांना मागावर लावायचं आणि त्यांच्या कामाची जबाबदारी घ्यायची. संप लांबला, गिरणीचं दार त्याच्यासाठी परत उघडलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरी गिरणी कोण देणार? तो आमच्याकडे देखरेखीला लागला. त्याचं नाव काय, हे कोणी विचारलं नाही. तो जॉबर होता, जॉबरच राहिला.

तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे तो शेजारच्या माणसाशीही नदीपलीकडे हाक मारावी तसा बोलायचा. पण त्याच खडखडाटाने त्याला एक विद्या दिली होती. सांच्यात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांपैकी कोणाच्या कवळ्या निसटायच्या, कोणाचा आवाज बसलेला. मी चार चारदा "काय म्हणालात?" विचारायचो आणि वैतागायचो. जॉबर लांबून नुसता बघायचा आणि ताक घेऊन हजर व्हायचा.

आता सातव्या नियमाबद्दल सांगायला हवं. तो माझ्या हातचा, चांगल्या अक्षरातला. रहिवाशाने जेवणघरात स्वतःच्या पायांनी आले पाहिजे. लागोपाठ तीन तपासण्यांना जो येणार नाही, त्याला घरच्यांच्या स्वाधीन करावे. नियम दुष्टपणाने केला नव्हता. आमच्याकडे नर्स नव्हती, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायची काही सोय नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटी रहिवाशांबरोबर जेवायला बसायची, मी नावं पुकारायचो, समोरून "हजर" यायचं आणि मी खूण करायचो. जॉबर आल्यापासून दीड वर्षात एकही गैरहजर नाही. कमिटी यायच्या आधीच सगळे पानावर बसलेले. मला वाटायचं, काय शिस्त लावलीय या माणसाने. बोरिवलीच्या एका संस्थेत जाऊन मी या शिस्तीवर भाषणही ठोकून आलो.

त्याच सुमारास निवास वाढवायचं घाटत होतं. मागची जागा मिळाली होती, एक देणगीदार तयार होता. तिथे जोडप्यांसाठी स्वयंपाकघर असलेले बारा ब्लॉक काढायचे, समोर बाग, बागेत बाकं, असा नकाशा आला. आम्ही टेबलाभोवती वाकून नकाशा बघत होतो आणि जॉबर चहाचा ट्रे घेऊन मागे उभा होता. त्याने सगळा नकाशा वाचला आणि त्याच्या त्या आवाजात विचारलं, "चालणारा आज ना उद्या बसणार. बसलेला पडणार. पडणाऱ्याची खोली कुठाय ह्यात?" अध्यक्षांनी ट्रे खाली ठेवायला सांगितलं. मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवलं की बरं वाटत नाही.

पुढे एका बुधवारी बँकेला सुट्टी होती आणि मी भांडुपच्या बाजारात गेलो होतो. तिथे गोणपाटावर लिंबं मांडून आमचे देसाई मास्तर बसलेले. मास्तर म्हणजे चार नंबरच्या खोलीतले, निवृत्त शाळामास्तर. दर तपासणीला माझ्यासमोरच जेवायचे. मी चकित होऊन हाक मारली, "मास्तर, इथे कुठे?" तो माणूस ताडकन उभा राहिला. हातातली लिंबं गोणपाटावर सांडली. म्हणाला, "साहेब, आज बुधवार. माझी पाळी रविवारची."

मला काही कळेना. मग त्यानेच भीत भीत सांगितलं. तो जॉबरच्याच खात्यातला, संपात घरी बसलेला विणकर. गिरणीत कोणी आजारी पडलं की जॉबर त्याच्या मागावर बदली लावायचा, म्हणजे तेवढ्यापुरता दुसरा माणूस. माग चालू राहतो आणि आजाऱ्याची जागा जात नाही. इथेही तसंच होतं. मास्तरांचा चष्मा लावून, त्यांचा कोट घालून हा महिन्यातून एकदा पानावर बसायचा आणि नाव पुकारलं की "हजर" म्हणायचा. महिन्यातून एकदा समोर बघणाऱ्या मला मास्तरांचा चेहरा म्हणून याचाच लक्षात राहिला होता. असे आणखी दोघे, आणखी दोघांच्या जागी बसायचे. बाकीची तेवीस म्हातारी माणसं हे सगळं बघत होती आणि एकानेही माझ्याकडे तोंड उघडलं नव्हतं.

मी तसाच निवासावर गेलो. फसवलं याचा राग होताच, पण बोरिवलीत ठोकलेल्या भाषणाचा जास्त होता. चार नंबरचं दार ढकललं तर खरे मास्तर कॉटवर पडलेले. उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं. पण चादर पांढरीशुभ्र, दाढी केलेली, अंगाला टाल्कम पावडरचा वास. कॉटच्या पायाशी पुठ्ठ्यावर पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी अशी नावं लिहिलेली. जॉबरची बेकार झालेली माणसं दोन वेळच्या जेवणावर येऊन पाळीपाळीने या तिघांना कुशीवर वळवत, धूत, पुसत होती. दर दोन तासांनी. आठ महिने मास्तर असे पडून होते आणि पाठीला एक जखम नव्हती.

मास्तर माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मला फक्त घरघर ऐकू आली. जॉबर त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाला, "ते विचारतायत, गेल्या रविवारी मी दोनदा श्रीखंड घेतलं म्हणे. खरं काय?"

मी हसलो नाही. मी नियम काढला. घाटकोपरला त्यांचा मुलगा आहे, चांगला नोकरीला आहे, त्याला कळवायलाच हवं, असं काहीबाही बोलत सुटलो. मास्तरांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी जॉबरने आधी चादरीची सुरकुती सरळ केली. मग खिडकीकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, म्हणाला, "म्हणतायत, दीड खोलीचं घर आहे. सून गुणाची आहे, माझं सगळं करील. म्हणूनच तिच्याकडे पाठवू नका."

मी बाहेर येऊन जॉबरवर ओरडलो, की ही लबाडी आहे. एरवी तो मुंबईचं मराठी बोलायचा, चिडला की मालवणी बाहेर यायची. "लबाडी तर लबाडी," तो म्हणाला. "पण एकदा जागा गेली काय माणसाचा रवला काय?" रवला म्हणजे उरलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नावं पुकारली. देसाई, म्हटलं. लिंबंवाला माझ्याकडे बघत राहिला, सगळं जेवणघर माझ्याकडे बघत राहिलं. तो कसाबसा "हजर" म्हणाला. मी खूण केली. नियम मोडल्याची भीती होती आणि खूण करून झाल्यावर हलकंही वाटत होतं. त्यापुढचे दोन महिने मी धड झोपलो नाही.

नकाशा मंजूर व्हायच्या सभेत मला राहवलं नाही. मी उठलो आणि सगळं सांगितलं. बडबडलो म्हणा. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सगळं सरळ होईल. कमिटीला मी चार नंबरमध्ये घेऊन गेलो. अध्यक्षांनी मास्तरांची पाठ स्वतः बघितली. त्यांच्या आईचे शेवटी घरी फार हाल झाले होते, ते आम्हाला माहीत होतं. ते सभेत परत आले आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ मारली. ब्लॉक बाराचे सहा झाले आणि तळमजल्यावर पडून असणाऱ्यांसाठी आठ खाटांचा कक्ष आला. सातवा नियम रद्द झाला. माझा आनंद पोटात मावेना.

त्याच सभेत पुढचा ठरावही झाला. कक्षासाठी शिकलेली मेट्रन नेमावी, आणि दीड वर्षं संस्थेची दिशाभूल करणाऱ्या इसमास कामावरून कमी करावे. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दहा मिनिटांपूर्वी फुटलेलं माझं तोंड तिथे उघडलं नाही. पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. लिहायला बसलो आणि अडलो. उठून जेवणघराच्या दाराशी गेलो. तो येरझारा घालत होता.

"जॉबर, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"पत्रावर घालायचंय."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ वाचणाऱ्या माणसापासून काय लपणार? "गंगाराम बाबाजी साटम," तो म्हणाला. "नीट लिवा. पयल्यांदाच लिवताय." मग त्याने विचारलं, "पडणाऱ्यांची खोली झाली ना पास?" मी झाली म्हटलं. त्याने मान हलवली, स्टुलावरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. माझ्या पत्राची वाट त्याने बघितली नाही.

खोली व्हायला वर्ष लागलं. तोवर मेट्रन आली होती. बाई हुशार, कामाला वाघ, पण मास्तरांचं बोलणं तिला कळत नसे, आणि मास्तरांनी बोलणंच सोडलं. कक्ष उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी, नियम गेला तरी सवयीने, मी हजेरीचं पुस्तक घेऊन गेलो, तर जेवणघराच्या दाराशी, स्टूल बाजूला सारून, चाकाच्या खुर्चीत मास्तर बसलेले. मेट्रन म्हणाली, सकाळपासून हट्ट धरलाय, आत न्यायला देत नाहीत. मी खाली वाकलो आणि विचारलं, मास्तर, इथे का? त्यांचे ओठ हलले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा हलवले, पुन्हा, चिडून पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळी मला दिसलं. ते म्हणत होते, बदली.

आठवड्यामागून आठवडे ते तिथेच बसू लागले. मग मी लिंबंवाल्याकडून पत्ता काढला आणि मरोळला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर जॉबर खाकी कपड्यात वॉचमन होता. खुर्चीवर टोपी, आणि हा फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. मी माफी मागितली. मग म्हटलं, परत चला, मी कमिटीशी भांडतो, या वेळी खरंच भांडतो. तो ऐकत होता की नुसता माझे ओठ बघत होता, सांगता येत नाही. शेवटी म्हटलं, तुमच्या जागेवर मास्तर बसतायत.

तो चालायचा थांबला. "किती दिवस?"

"दोन महिने होत आले. एक खाडा नाही."

तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आमच्यात बदली असा टिकून राहिला की त्याला कायम करायचे. मास्तरांना सांगा, जॉबरने कायम केलंय." आतून एक टेम्पो आला आणि तो फाटक उघडायला गेला. माझ्याकडे त्याने परत वळून बघितलं नाही.

निरोप मी मास्तरांना सांगितला. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा तसाच राहिला. त्यानंतर दोन वर्षं ते त्या दाराशी हजर होते आणि मग एका सकाळी पडणाऱ्यांच्या त्या खोलीत, आपल्या खाटेवर वारले. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटी जेवायला आली. पानं मांडली होती, सगळे बसले होते, पण कोणी जेवायला सुरुवात करेना. सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं. तिथे कोणी नव्हतं. माझ्या पायात कसली तरी हुळहुळ सुरू झाली, एका जागी उभं राहवेना. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून दाराशी आणलं. अध्यक्ष म्हणाले, अहो, तुमचं पान इकडे वाढलंय.

मी म्हटलं, माझ्या खुर्चीवर रुमाल टाका. आणि जाऊन स्टुलावर बसलो.