आत्याच्या मठात बेदाणा

वसईहून निघाले तेव्हा काम अगदी सोपं होतं. पलूसजवळच्या एका माळावर सिस्टरांचा जुना मठ आहे, त्याच्या मागच्या अंगाला चिंचेखाली कबरींची ओळ आहे आणि त्या ओळीतली तिसरी कबर माझ्या सिसिलआत्याची आहे. तिथली मूठभर माती आणायची आणि आमच्या चर्चच्या दफनभूमीत आजी-आजोबांच्या मातीत मिसळायची. बाबांना आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. "मी जायच्या आधी तिला घरी आण," एवढंच ते म्हणाले. मठ बंद करून सिस्टर दक्षिणेकडच्या दुसऱ्या मठात गेल्याला बरीच वर्षं झाली. तिसऱ्या कबरीची माहिती तिथल्याच एका वृद्ध सिस्टरनी फोनवर दिली होती. इतकी पक्की माहिती हाताशी असताना माणूस गोंधळेल कसा, असं मला वाटलं.

हा मठ शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांचा नव्हता. इथे एकदा आत गेलेली बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर यायची नाही. प्रार्थना, मौन आणि मिस्सेसाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) लागणाऱ्या भाकरीच्या पातळ चकत्या भाजणं, हेच त्यांचं आयुष्य. बाबा वर्षातून एकदा बहिणीला भेटायला जायचे, म्हणजे जाळीमागच्या काळ्या पडद्याशी बोलायचे. मी लहानपणी एकदाच त्यांच्याबरोबर गेले होते. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट होतं. आपण त्यात सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) ठेवायची, कपाट गर्रकन फिरायचं आणि केळ्यांच्या जागी चकत्या कापून उरलेल्या कडांची पुडी यायची. आत्या म्हणजे माझ्या लेखी एक आवाज आणि त्या कुरकुरीत कडा, बस.

साताऱ्याला उतरून कंदी पेढे न घेणाऱ्याला आमच्या घरी परत घेत नाहीत, म्हणून आधी ते काम उरकलं आणि पलूसकडे जाणारी एसटी पकडली. एप्रिलचं ऊन खिडकीतून मांडीवरच येऊन बसलं होतं. रहिमतपूरला शेजारी एक निवृत्त फौजी येऊन बसले. पांढऱ्या मिश्या, पायात कडक पॉलिश केलेले बूट. कुठं निघालात, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

"मठ-बिठ काय न्हाई ताई त्यो. मिलिट्रीचा जेल हुता. आत खोल्या बघा, एकेका मान्साच्या. खिडकी ही एवढी, ती बी डोक्याच्या वर."

"तुम्ही आत गेला होतात?"

"मी कशाला जातोय जेलात? आमच्या वडलांनी सांगितलंय."

पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या. "आवं, जेल कशाचा? दवाखाना हुता. माझ्या सासूला मूल होत नव्हतं, तवा ती तितं जाऊन आली. वर्साच्या आत आमचं मालक (नवरा) जन्माला आलं."

"डॉक्टर कोण होते?" मी विचारलं.

"डाक्टर कुनी दिसला न्हाई म्हनं. कपाटात नारळ ठिवला, कपाट फिरलं, आतनं एक बाई 'बरं' म्हनली. झालं की."

"असा कुटं दवाखाना असतोय व्हय?" फौजी म्हणाले. मग पलूस येईपर्यंत दोघांचं जेल की दवाखाना असं चाललं आणि मला कुणी विचारेना. शेवटी शेवटी तर माझाच माझ्यावरचा भरवसा डळमळला. लहानपणी पाहिलेलं ते कपाट खरंच तिथलंच होतं की आणखी कुठलं, असं वाटायला लागलं.

पलूसच्या स्टँडबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "बागवानांचं गोडाऊन व्हय? बसा." मी म्हटलं, गोडाऊन नाही, मठ. तो म्हणाला, "मट म्हना न्हाईतर जेल म्हना, रस्ता योकच हाय." दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. मग मांडव संपले, खडकाळ माळ लागला आणि माळाच्या मधोमध काळ्या दगडाची एक लांबट, उंच भिंतींची इमारत दिसली. फाटकाशी पोचायच्या आधीच गोड, आंबूस वास आला. गोडाऊन बेदाण्याचं होतं.

इकबालभाई बागवान स्वतः सामोरे आले. साठीचे, अंगानं स्थूल, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी ही जागा चर्चकडून भाड्यानं घेतली आहे. "सिस्टरांच्या घरातलं मानूस आलं म्हंजे पावनंच की," असं म्हणत त्यांनी मला सगळीकडे हिंडवलं. चॅपेलमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या प्रार्थनेच्या दालनात, छतापर्यंत खोकी रचली होती. सिस्टरांच्या खोल्या खरोखरच एका माणसापुरत्या आणि खिडक्या डोक्याच्या वर. फौजी तेवढ्यापुरते बरोबर होते. आता एका खोलीत हिरवा बेदाणा, दुसरीत पिवळा, तिसरीत काळा. यातली आत्याची खोली कुठली असेल, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण उत्तर कोण देणार? ते फिरतं कपाट मात्र भिंतीत जागच्या जागी होतं. बाहेरून कुणीतरी चहाचा ट्रे ठेवला, कपाट फिरलं आणि चहा आमच्यासमोर आला.

"भाईरचा मानूस आत आला की मालात धूळ जाती. ह्ये लय कामाचं हाय बगा," ते म्हणाले. मला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना. चहा प्याले.

मग मी कबरींचं विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मला मागच्या भिंतीशी नेलं. तिथे एका स्वच्छ चौथऱ्यावर दगडी क्रूस ओळीनं उभे होते, सगळे चंदेरी ऑइलपेंटनं चकाकत होते. समोर झेंडूची ताजी फुलं होती.

"दर दिवाळीला रंगवून घेतो. आजवर योक बी वर्स चुकलेलं न्हाई."

मी तिसऱ्या क्रूसापाशी वाकले. नाव दिसेना. वर्षानुवर्षांच्या रंगानं कोरलेली अक्षरं पार बुजली होती. नखानं थोडं खरवडून पाहिलं तर खाली आणखी एक थर. आणि चिंच? चिंच तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती, तिच्याखाली पत्र्याची लांब शेड.

"इकबालभाई, हे क्रूस आधीपासून इथेच होते?"

"न्हाई न्हाई. तकडं चिंचंखाली हुते. ट्रक वळवायला तीच वाट. कुनाचा पाय न्हाईतर चाक पडू न्हाई म्हनून हितं आनले. तकडं कबरींवर सिमिटाचा कोबा टाकला, शेड घातली आन् तितं माल निवडायला बाया बसवल्या. बाया बसल्या म्हंजे ट्रक जायाचा प्रश्नच न्हाई."

"आणि हे ओळीत कसे लावले?"

"उंचीनं. ल्हानापासनं मोठ्यापत्तूर. बरं दिसतंय." मग जरा लाजून ते म्हणाले, "आमचं कामच प्रतवारीचं. हाताला तीच सवय."

ज्या माणसानं इतक्या मायेनं सगळं सांभाळलं होतं, त्यानंच सगळं पुसूनही टाकलं होतं, आणि दोन्ही एकाच हातानं. मला राग यायला हवा होता, पण तो येईना. मी त्यांना आत्याचं, बाबांचं, मातीचं सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांची टोपी हातात आली.

"म्हंजे आमची चूकच झाली की," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताई, तुमी सांगा. आत्ता गडी बोलावतो. कोबा फोडू. माल काय, चार दिस थांबंल."

ते खरोखर तयार होते. पण फोडायचं कुठे? ओळ नेमकी कुठून सुरू व्हायची ते त्यांना आठवत नव्हतं. तिसरी म्हणजे कुठल्या बाजूनं तिसरी, हे फोनवरच्या त्या वृद्ध सिस्टरना विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. मी तिथूनच त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "चॅपेलकडून तिसरी, बाळा," आणि मग, "की भिंतीकडून?"

शेडमध्ये गेले. चपला दाराबाहेर नीट लावलेल्या होत्या. पंधरा-वीस बायका ताटांत बेदाणा घेऊन काड्या वेचत बसल्या होत्या. सुलाबाई नावाच्या वयस्कर बाई त्यांच्या म्होरक्या. त्यांनी सांगितलं की रोज बसायच्या आधी सगळ्या जणी जमिनीला हात लावून पाया पडतात. "खाली देवाच्या बाया हायती," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीशी अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. कुणाची तरी नणंद लग्नात रुसून जेवायची राहिली होती.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. कोबा फोडायला तयार आहेत, पण कुठली कबर ते कळणार नाही, सगळाच फोडावा लागेल, तरीही नक्की असं काही नाही. बाबांनी भलतंच विचारलं.

"मागं आवाज कसला येतोय?"

"बायका बोलतायत. बेदाणा निवडतायत."

"फोन त्यांच्याजवळ धर."

मी सुलाबाईंच्या बाजूला बसून फोन धरला. नणंदेची गोष्ट संपली, मग गॅसची, मग कुणाच्या तरी सुनेला दिवस गेल्याची. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, हे दिवसभर असंच चालतं का? मी सुलाबाईंना विचारलं.

"मुकाट बसून हात चालतोय व्हय कुटं?" त्या म्हणाल्या.

बाबांनी ते ऐकलं. "सिसिलची जीभ लहानपणी क्षणभर टाळ्याला टेकायची नाही," ते म्हणाले. "आई म्हणायची, ही झोपेतही बोलते. आणि तिनं निवडलं हे. मी पडद्यासमोर बसून रडायचो ते तिला आत गप्प राहावं लागतं म्हणून." मग म्हणाले, "कोबा फोडू नको. राहू दे तिला तिथंच."

हे सांगितल्यावर इकबालभाईंनी सुस्कारा सोडला. बायकांनी जेवायला बसवलं. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दही. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आडोशानं मी थोडं रडूनही घेतलं. 'राहू दे' हे बाबांनी मनापासून सांगितलं होतं की मला त्रास नको म्हणून, हे मला कळत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीत बसले तेव्हाही कळलं नव्हतं. जिथे आयुष्यभर मौन पाळलं गेलं, तिथे आता दिवसभर गप्पा चालतात. याला त्या जागेची विटंबना म्हणायचं की आणखी काही? मठातल्या सिस्टरना विचारलं तर त्या काय म्हणतील? आत्या काय म्हणाली असती, ते तर मला मुळीच माहीत नाही. मी तिला ओळखतच नव्हते.

घरी आल्यावर बाबांनी मातीचं नाव काढलं नाही. त्या बायका काय काय बोलत होत्या, तेवढं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. आता दर रविवारी मिस्सेहून परतल्यावर मला त्यांच्या खुर्चीशी बसवतात आणि विचारतात, "आज तिकडं बायका बसल्या असतील ना?"

पाऊस लागला की शेड बंद होते आणि मग नवा माल येईपर्यंत तिथे कुणीही बसत नाही, हे निघताना इकबालभाईंनी मला सांगितलं होतं. आता पाऊस लागलाय. मी बाबांना सांगते, बसल्यात.