डोकं खाली, मूळ वर

अक्का पपायरस उलटा लावायच्या. वीतभर देठ ठेवून शेंडा कापायचा आणि तो झुपकेदार तुरा डोकं खाली करून पाण्यात बुडवायचा. काही आठवड्यांत तुऱ्यातून मुळं फुटायची. “डोकं बुडालं की मूळ सुचतं त्याला,” असं त्या म्हणायच्या.

अड्यारमधल्या आमच्या जुन्या इमारतीमागे लहानसं तळं होतं. त्याच्या काठी पपायरसचं माणसापेक्षा उंच बेट अक्कांनी वाढवलं होतं. त्या तंजावरी मराठी, तिसऱ्या मजल्याच्या मालकीण. मी तळमजल्यावरचा भाडेकरू. पहिल्या भेटीत मी त्याला गवत म्हणालो. अक्कांनी एक देठ माझ्या हातात दिला. “फिरवून बघ. गोल आहे काय? तीन कडा लागतात, गवताला नसतात. तुमचा नागरमोथा, आमची चटईची कोरै, त्यांचा हा आफ्रिकेतला अण्णा, थोरला भाऊ.”

वाळलेले देठ बुडापासून कापायचे, हे त्यांनी शिकवलं. वरवर कापला की ओरडायच्या, “अय्यो, दाढी करतोस काय त्याची?” रोप मात्र मागेल त्याला द्यायच्या, भांडलेल्या शेजाऱ्यालाही. “झाड मागितलं की नाही म्हणायचं नाही.”

मग बिल्डर आला. इमारत पाडून, तळं बुजवून नवी उंच इमारत बांधायची होती. त्याला सगळ्या मालकांचा होकार हवा होता. बैठकीत अक्का म्हणाल्या, “पाणी बुजवायचं तर आधी मला बुजवा.” जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, “तू घर शोधू नको, कण्णा. मी आहे.”

मी शोधलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या घरमालकांनी जागा सोडायला सांगितलं. अक्कांनी होकार दिला, हे मला घरमालकांकडूनच कळलं.

मी वर गेलो. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या.

“नव्या इमारतीत लिफ्ट आहे,” त्या म्हणाल्या.

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू तोंड पाडून उभा राहिला असतास. मग माझ्याच्यानं हो म्हणवलं नसतं.”

तळ्यात मातीचा पहिला ट्रक रिकामा झाला, त्या दिवशी मी एक तुरा कापून घेतला. अंबत्तूरच्या भाड्याच्या घरात, बाल्कनीतल्या बादलीत तो उलटा ठेवला. मुळं फुटली.

नवी इमारत उभी राहिल्यावर अक्कांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच. “बाल्कनीत ऊन छान येतंय. तुझ्याकडं रोप आहे म्हणे. एक देतोस?”

रविवारी मुळं धरलेलं रोप बादलीतून अड्यारला नेलं. तळ्याच्या जागी गाड्या उभ्या होत्या. लिफ्टने वर गेलो, बादली त्यांच्या दाराशी ठेवली आणि बेल न वाजवता जिन्याने उतरलो.