खाली नऊ ओळी कोऱ्या आहेत

तुमच्या पेपरात जी बातमी आली नाही, तिच्या जागेवर काय छापलं होतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. माझ्या बातमीच्या जागेवर एका माणसाचा हसरा फोटो होता. पान भरून. आणि फोटोखालचा मजकूर मीच लिहिलेला होता.

जालना रोडवरचं मंगल कार्यालय. भाऊंचा वाढदिवस. भाऊ म्हणजे पैठण रोडकडच्या एका रसायन कारखान्याचे मालक. वस्त्यांना पाणी पुरवणारे टँकरही त्यांचेच. मी तेव्हा एका छोट्या दैनिकात बातमीदार होते. आमच्याकडं रीत अशी, की बातमीदारानं बातम्याही आणायच्या आणि वाढदिवसाच्या जाहिरातीही. शुभेच्छांचा मजकूर आधीच लिहून ठेवायचा, नावाची जागा मोकळी सोडून. ज्याचा वाढदिवस येईल त्याचं नाव भरायचं. मीही लिहून ठेवला होता. 'तहानलेल्यांचा आधार, वस्त्यांचा कैवारी.' तो कोणाला लावणार, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मालकांनी ते पान फ्रेम करून माझ्या हातात दिलं आणि स्टेजवर पाठवलं. मालकच आमचे संपादक.

भाऊंनी माईक घेतला. फ्रेमकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही कोण, माहिताय का? हिचा बाप आपल्याविरुद्ध पत्रकं छापायचा. लेक आपलं छापती. याला म्हणायचं शिक्षण."

हॉल हसला. पहिल्या रांगेतले माझे मालकही हसले.

"वाच पोरी," भाऊ म्हणाले. "मोठ्यानं वाच. मागं खडकवस्तीच्या बाया उभ्या हेत, त्यांना ऐकू जाऊ दे."

मी वाचलं.

हे मी लपवत नाही. कोणी हात पिरगाळला नव्हता. माझा आवाज थरथरलाही नाही. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला आवाज होता तो. स्वच्छ, ठणठणीत. तहानलेल्यांचा आधार. वस्त्यांचा कैवारी.

मागं खडकवस्तीच्या बाया रांगेत होत्या. प्रत्येकीला पाण्याचा एक जार मिळणार होता. जारवर भाऊंचा फोटो. त्या रांगेत रशीदाखाला होती.

खडकवस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. निम्मी घरं मुसलमानांची, निम्मी हिंदूंची, विहीर एकच. तीन आठवड्यांपूर्वी मी तिथं गेले होते. विहिरीच्या पाण्याला तांबूस रंग, वर फेस, आणि जळक्या रबरासारखा वास. लेकरांच्या हातापायांवर चट्टे. रशीदाखालानं स्वतः पोहरा सोडून पाणी काढलं, बाटलीत भरलं आणि माझ्या हातात दिलं. "तेरे साहब को दिखा. बोल, एक घोट पिओ. बस एकच."

मी बाटली मालकांच्या टेबलावर ठेवली. बातमी लिहून दिली. 'या आठवड्यात जागा नाही' असं तीनदा ऐकलं.

कार्यक्रम संपला. रशीदाखाला जार कमरेवर घेऊन माझ्यापाशी आली.

"पढी तो अच्छा गे तू. आवाज अच्छा है तेरा." तिनं जार सावरला. "वो बाटली का क्या हुआ?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. टोमणा असता तर मी सहन केला असता.

मी तशीच ऑफिसात गेले. बाटली मालकांच्या खुर्चीमागच्या खिडकीत होती. कोणीतरी तिच्यात मनीप्लँटची फांदी खोचली होती. पानं काळी पडून खाली लोंबत होती. तीन आठवडे ती फांदी त्यांच्या पाठीमागं मरत होती.

मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

मालक रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "कागद कुठून येतो, शाई कुठून येते, तुझा पगार कुठून येतो? वाचक देतो का? वाचकाला पेपर चहापेक्षा स्वस्त पाहिजे. तेवढ्यात कागदही येत नाही. उरलेलं भाऊ देतात. मग ऐकायचं कोणाचं, सांग."

त्या माणसानं नोकरीच्या दोन वर्षांत मला सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट. जो उरलेलं देतो, पेपर त्याचा. वाचकानं आपला वाटा उचलला नाही म्हणून तो भाऊंनी उचलला. आणि वाट्याबरोबर पेपरही उचलून नेला.

मी काळी फांदी काढून टाकली आणि बाटली घेऊन निघाले.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना गुलमंडीच्या मागच्या बोळात आहे. एक जुनं मशीन, एक कटर, छतापर्यंत कागद. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही. वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर शिकले. पुढच्या बाजूला 'जाब विचारा', मागच्या बाजूला माझा अ, आ, इ. त्या पत्रकांवर आमचं घर कसंबसं चाललं. कधी चाललंही नाही.

अण्णांनी बाटली उजेडात धरली. मशीनवरचं कापड काढलं.

आम्ही एक पान काढायचं ठरवलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, महिन्यातून दोनदा. जाहिरात नाही. घरटी वीस रुपये, त्याहून जास्त कोणाकडून घ्यायचे नाहीत. वीस रुपये देणारा माणूस बातमी थांबवू शकत नाही. आणि वीस रुपये देणारा माणूस बातमी कुठं गेली, हे विचारल्याशिवाय राहत नाही.

वस्तीनं दिले. त्या पैशातून सगळ्यात आधी आम्ही विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. अहवालात दोन शब्द होते. पिण्यास अयोग्य. मालकांनी तीन आठवड्यांत जे छापलं नाही, ते वस्तीनं स्वतःच्या खिशातून छापलं. पहिलं पान मी मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं, मग मशिदीबाहेरच्या ओट्यावर. म्हातारी माणसं म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

त्याच आठवड्यात भाऊंच्या विरोधातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला.

"ताई, वर्षभराचा कागद माझ्याकडून. मला काही नको. मागच्या बाजूला एक बारीकसा फोटो, बस."

मी नको म्हणाले.

"मग किती दिवस चालवणार?"

"वस्ती देईल तेवढे."

तो हसला. ते हसू मी मंगल कार्यालयात ऐकलं होतं.

आता माझी चूक सांगते.

पत्रकाखाली नावं असतात. आमच्याकडं ही पद्धतच आहे. मजकूर संपला की खाली निवेदकांची नावं, ओळीनं. अण्णा म्हणतात, "खाली नाव नसलं तर मी छापत नाय. नुसत्या शिव्याच द्यायच्या तर भिंतीवर लिहा." मी याच शिस्तीत वाढले. म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी, ज्यांनी ज्यांनी वीस रुपये दिले त्यांची नावं मी छापली. तेवीस घरं, तेवीस नावं. मला वाटलं, हा मान आहे. पान कोणाचं आहे, ते खाली लिहिलेलं असावं.

मी त्यांना विचारलं नव्हतं. शुभेच्छांचा मजकूर लिहिताना विचारलं नव्हतं, तसंच.

चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीला कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराचा माणूस उभा होता. हातात आमचं पान. तळाची नावं तो मोठ्यानं वाचत होता. ज्या घराचं नाव आलं, त्या घरातल्या कामगारानं बाजूला व्हायचं. अकरा जण बाजूला झाले. त्यांत रशीदाखालाचा सलीम होता.

"उद्यापासून येऊ नका. पेपरवाली देईल काम."

भाऊंना यादी करायची गरजच पडली नाही. मी करून दिली होती. चांगल्या टाइपात, शुद्धलेखन तपासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यात एक माणूस आला. व्हिजिटिंग कार्ड छापायचं म्हणाला. नाव विचारलं तर सांगितलं नाही. सगळीकडं नजर फिरवली. कागदाच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"काका, कागद लई साठवलाय. ऊन तापायलंय. जपा."

कार्ड न छापताच गेला. त्यानंतर तो दोनदा आलाय. आत येत नाही. बोळाच्या तोंडाशी पांढऱ्या गाडीला टेकून उभा राहतो आणि जाताना अण्णांना हात करतो. अण्णाही हात करतात. मग आत येऊन कागदावर ताडपत्री ओढतात. पाण्याची बादली दाराशी भरून ठेवतात.

मी वस्तीत गेले. मारुतीच्या पारावर माणसं जमली. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताई, पान चांगलंय तुमचं," एक जण म्हणाला. "आमचं नाव तेवढं काढा."

मी माफी मागितली. म्हणाले, सगळीच नावं काढते. पुढच्या अंकात एकही नाव नसेल.

"मेरा नक्को काढू," रशीदाखाला मागून बोलली.

"खाला, तुमचा सलीम घरी बसलाय."

"व्हय, बसलाय. नाव काढल्यावर परत घेणार हेत का त्याला? नाय ना? मग कशाला काढती?" ती पुढं आली. "त्या दिवशी तू भाऊचं नाव मोठ्यानं वाचलं. मी रांगेत उभी राहून ऐकलं. आता माझं वाच."

माझ्या हातात पान होतं. या वेळी माझा आवाज थरथरला. रशीदाबी, खडकवस्ती. मी वाचलं. एकदाच. पारावर कोणीही हसलं नाही.

मग एकेकाला वेगळं विचारलं. नऊ घरांनी नाव काढायला सांगितलं. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यांना कोणी भित्रं म्हणू नये, मी म्हणू देणार नाही. त्यातल्या सात घरांनी नाव काढून घेतलं आणि वीस रुपये मात्र हातात ठेवले. बाकीचे चौदा जण म्हणाले, राहू दे.

पुढच्या अंकाची जुळणी करताना मी त्या नऊ ओळी भरून काढल्या नाहीत. मोकळ्या सोडल्या.

"कोऱ्या जागा छापतं का कोणी?" अण्णा म्हणाले.

"यांची जागा आहे ती."

थोड्या वेळानं पाहिलं तर ओळींतलं अंतर ते स्वतः मोजत होते, प्रत्येक ओळीत एक पूर्ण नाव बसेल एवढं.

विहीर तशीच आहे. वाढदिवसाचे जार तीनदा भरून आले, मग येणं थांबलं. रिकामे जार घराघरांत उभे आहेत, भाऊंच्या फोटोसकट. सलीम क्रांती चौकातल्या एका गॅरेजात रोजानं जातो. पांढरी गाडी कालही होती. छापखान्याला काही झालं, तर ते आपोआप झालेलं नसेल, एवढं आत्ताच लिहून ठेवते. आणि झालं तरी पान निघेल. हातानं लिहावं लागलं तर हातानं लिहीन. कोणाच्या नावाची जागा मोकळी सोडून स्तुती मात्र पुन्हा लिहिणार नाही.

आता तुमच्याकडं येते. तोच अंक तुमच्या हातात आहे. तुम्ही शहरात राहता. तुमच्या घरचं कोणी त्या गेटमधून आत जात नाही. तुमचं नाव वाचून भाऊंना लगेच काही करता येणार नाही. चौदा नावं वेचून काढायला त्यांना एक सकाळ पुरेल. प्रत्येक प्रतीवर नवी नऊ नावं आली, तर कोणत्या गेटवर उभं राहून वाचणार आहेत ते?

हे पान ज्यानं तुमच्या हातात दिलं, तो माणूस अजून समोर उभा असेल. त्याला थांबवा. तळाशी नऊ ओळी कोऱ्या आहेत. एका ओळीत तुमचं पूर्ण नाव लिहा. टोपणनाव नको. गल्ली लिहा. वीस रुपये द्या. जास्त देऊ नका, जास्त द्यायचे असतील तर शेजाऱ्याला घेऊन या आणि खालची ओळ त्याला लिहू द्या. मग पान परत त्याच माणसाच्या हातात द्या.

पुढच्या अंकात नाव छापण्याआधी मी तुम्हाला पुन्हा एकदा विचारीन. या वेळी विचारीन.

पेन नसेल, तर त्याच्याकडं आहे.