दोन बाटल्या, एकच चव

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या औषधखोलीत ते एकोणतीस वर्षं कंपाउंडर होते. कडू औषध मुलांच्या गळी उतरवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्यांना गोडकाका म्हणत. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांच्याकडे नेमकं उलटं काम आलं. साधं पाणी हुबेहूब औषधासारखं कडू करायचं.

काम आणलं श्वसनविकारांच्या तरुण डॉक्टरबाईंनी. जंतुनाशक औषधाने गुळण्या केल्या तर सर्दी-तापाच्या रुग्णाच्या लाळेतले विषाणू कमी होतात का, आणि किती वेळ, हे त्यांना बघायचं होतं. अर्ध्या रुग्णांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही कळायला नको आणि देणाऱ्या नर्सलाही.

"जमेल का, काका?"

चार दिवस द्या, काका म्हणाले. लागले पाच आठवडे.

रंग पहिल्याच दिवशी जुळला, कडवटपणा आणि फेस आठवडाभरात. घोडं अडलं ते घरी. डॉक्टरबाईंना विचारून ते दोन्ही बाटल्या काकूंपुढे ठेवत. काकूंची जीभ भलतीच तिखट, दोन्ही अर्थांनी. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळे. त्या चूळ भरत, बेसिनमध्ये थुंकत आणि बोट दाखवत. दर वेळी अचूक. खऱ्या औषधाने मागाहून जीभ जडावते, तुमच्या पाण्याने नाही, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी पाण्यात लवंगेचं तेल घातलं. जीभ जडावली, काकू फसल्या, काका शीळ घालत कामावर गेले. डॉक्टरबाईंनी मान हलवली. लवंग स्वतःच जंतूंवर चालते, मग ते खोटं औषध खोटं कसलं राहिलं? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढचा उपाय त्यांना भांडी विसळताना सुचला. आपण इतके दिवस खोट्याच्याच मागे लागलोय, खऱ्याला हात लावायला काय हरकत आहे? दोन्हींत सारखाच झणझणीत पुदिना घातला, की जिभेला दुसरं काही सुचायचंच नाही. तेवढ्या पुदिन्याने विषाणूला काही होत नाही आणि औषधाचा जोरही घटत नाही, हे प्रयोगशाळेने तपासून सांगितलं.

त्या संध्याकाळी काकूंनी आठ पेल्यांतून चुळा भरल्या. चार चुकले. पुन्हा आठ भरायला लावले, पुन्हा तीच गत. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "नाही बाई सांगता येत." काका स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग काकूही.

दोन महिने ऐंशी रुग्णांनी गुळण्या केल्या. कोणाची बाटली कोणती, ती यादी शेवटी बैठकीत उघडली. खऱ्या औषधाने लाळेतले जिवंत विषाणू अर्ध्या तासात बरेच उतरले होते, दोन तासांत पुन्हा जवळजवळ होते तिथे आले होते. वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाईंनी विचारलं, मग याने दुसऱ्याला लागण व्हायची थांबते का?

"ते अजून माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लाळेतले विषाणू थोडा वेळ कमी होणं वेगळं, घरातल्या दुसऱ्याला लागण न होणं वेगळं. त्यासाठी रुग्णांच्या घरी जाऊन बघावं लागेल. तोवर मास्क आणि उघड्या खिडक्या आहेतच."

काही चेहरे पडले. काकांनी मात्र हात वर केला. रुग्णांना आपली बाटली ओळखता आली का, एवढंच त्यांना हवं होतं.

डॉक्टरबाईंनी कागद उलटला. ऐंशीपैकी एकेचाळीस जणांचा अंदाज बरोबर आला होता. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. "काका, याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि घरोघरच्या अभ्यासासाठी चारशे बाटल्या त्यांनी तिथल्या तिथे मागितल्या.

काका निवृत्त झाल्यावरही त्या बाटल्यांसाठी येत राहिले. अहवाल छापून आला तेव्हा शेवटच्या पानावर आभारात काकूंचंही नाव होतं, पुढे 'चव-परीक्षक' असं लिहून. काकूंनी ते पान शेजारच्या तिन्ही घरी नेऊन वाचून दाखवलं. काका मागे उभे राहून दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत होते.