कुमुदताईंचे गुडघे आणि खालची खोली

बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, कुमुदताईंना न ओळखणारा माणूस शोधून सापडणार नाही. लिफ्टमध्ये चिनी आज्या त्यांच्याशी मँडरिनमध्ये बोलतात, ताई त्यांना मराठीत उत्तरं देतात आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण समाधान होतं. वय सदुसष्ट. कॉलेजात असताना बॅडमिंटन खेळायच्या, ते आजतागायत सोडलेलं नाही. दर बुधवारी सकाळी कम्युनिटी क्लबच्या कोर्टवर त्या मला हरवतात. मी वीस वर्षांनी लहान आहे, हे त्या दर वेळी आठवणीने सांगतात.

त्यांचे यजमान शामकांतराव जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होऊनही ब्लॉकमध्ये त्यांना सगळे चीफच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. नोकरीभर ते वर्षातले सहा-आठ महिने समुद्रावर असायचे. हा मेझोनेट, म्हणजे खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या असा जुना दुमजली सरकारी फ्लॅट, त्यांनी घेतला खरा. पण चालवला तो ताईंनी. मुलाचा ताप, गळका नळ, शाळेतल्या तक्रारी, सगळं एकटीने. चीफ रजेवर यायचे तेव्हा पहिले चार दिवस त्यांना चमचे कुठे आहेत ते विचारावं लागायचं. तरीही घराबद्दलची मतं मात्र त्यांचीच ठाम. इंजिनियरांचं असंच असतं, माझ्या घरातही एक आहे.

गेल्या वर्षी हॉलमधल्या फरशा फुगून वर आल्या. फरशा काढायच्याच आहेत तर खालचा मजला सगळाच नव्याने करू, असं ठरलं. मुलगा दर्शन बुओना व्हिस्टाला कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. तो रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने रंगीत चित्र दाखवलं. स्वयंपाकघराची भिंत नाही, जिन्यामागच्या छोट्या खोलीची भिंत नाही, सगळीकडे उजेड आणि मधोमध दगडी ओटा. ओपन कन्सेप्ट. त्या ओट्यावर काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं ठेवलेली होती. बांगडे तळल्यावर वास कुठे जाणार हे मात्र चित्रात नव्हतं.

चीफना ते चित्र आवडलं. मोकळा डेक, म्हणाले.

ताई हळूच म्हणाल्या, जिन्यामागची खोली राहू दे. दर्शनने विचारलं, कशाला? त्या खोलीत जहाजाची जुनी ट्रंक, इस्त्रीचं टेबल आणि तीन पिढ्यांच्या सुटकेसी आहेत. त्यावर ताई गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या की हल्ली जिना चढवत नाही, ती खोली आपल्याला झोपायला करू.

मी तिथेच चहा पीत बसले होते. मला धक्काच बसला, कारण आदल्याच बुधवारी या बाईने मला कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं होतं. त्या आठवड्यात त्या खेळायला आल्या नाहीत. पुढच्याही नाही. जिना चढताना कठड्याला धरून थांबायच्या, खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणायच्या. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी तेल घेऊन गेले.

दुपारची वेळ होती. चीफ फरशांचे नमुने बघायला गेले होते. दार उघडंच होतं, म्हणून मी हाक न मारता आत गेले, तर ताई वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढत होत्या. वरून वळून त्यांनी मला पाहिलं. मी हातातली तेलाची बाटली तशीच धरून उभी.

"दार लाव," ताई म्हणाल्या.

मग पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. गुडघे चीफचे गेले होते. काही महिन्यांपूर्वी सकाळी ते जिना उतरताना घसरले. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. ताई स्वयंपाकघरातून बघत होत्या. चीफ पायरीवर बराच वेळ बसून राहिले, मग केस नीट करून खाली आले आणि आज पोहे कर म्हणाले. तेव्हापासून ते जिना पाठमोरे उतरायला लागले. जहाजावरच्या उभ्या शिडीवरून असंच तोंड शिडीकडे करून उतरतात, ती जुनी सवय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आम्ही सगळे त्यावर हसलोही होतो.

"इतकी वर्षं रजेवर यायचे तेव्हा शीळ वाजवत उतरायचे," ताई म्हणाल्या. "आता बोटीवरची सवय आठवली यांना. पाठमोरं उतरलं की गुडघा कमी दुखतो, एवढंच आहे ते."

मग त्यांना सरळ सांगायचं, असं मी म्हटलं. ताईंनी मान हलवली. चीफनी फार पूर्वी जाहीर करून ठेवलं होतं की ज्या दिवशी आपल्याला जिना चढवणार नाही, त्या दिवशी घर विकायचं आणि पुण्याला एखाद्या वृद्धांच्या सोसायटीत जाऊन राहायचं. कुणाला आपल्यासाठी काही करावं लागलेलं त्यांना चालत नाही. आणि एकदा बोलले की ते करतातच. ताईंचं सगळं आयुष्य या ब्लॉकमध्ये गेलेलं. म्हणजे सांगितलं तर घर जाणार, आणि न सांगता गप्प बसलं तर हा माणूस एक दिवस जिन्यावरून पडणार.

"म्हणून म्हटलं, गुडघे माझे दुखू देत. माझ्यासाठी ते खाली झोपतील. स्वतःसाठी नाही झोपायचे."

"आणि बॅडमिंटन?"

"बॅडमिंटन काय, झालं पुष्कळ." पण हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला रडूच आलं. रॅकेट त्यांनी वरच्या कपाटावर, चीफना दिसणार नाही अशी, बॅगांच्या मागे टाकली होती.

तेव्हापासून मीही या कटात सामील झाले आणि माझी झोप उडाली. खोटं बोलणं ताईंना जमत नाही. सोमवारी डावा पाय ओढायच्या, मंगळवारी उजवा. मी डोळ्यांनी खुणा करायचे, त्या घाईने पाय बदलायच्या, मग तर आणखीच विचित्र दिसायचं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो कधी बसतो याची मी वाट बघत होते.

तो दर्शनच्या रूपाने आला. मुलगा चांगला आहे हो, पण उंटावरचा शहाणा. आईचे गुडघे दुखतात तर भिंत का ठेवायची, गुडघेच दुरुस्त करू, म्हणाला. मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरची वेळही घेऊन आला. एक्स-रे काढू, लागलं तर ऑपरेशन करू, मग आई, यू कॅन क्लाइंब एनी स्टेअर्स, आणि हॉल मोकळाच्या मोकळा. ताईंचा चेहरा पांढरा पडला. एक्स-रेत काय दिसणार होतं हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

चीफ खिडकीपाशी पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "ती वेळ रद्द कर."

दर्शन वाद घालायला लागला. चीफ म्हणाले, जिना नको असं ती म्हणते आहे ना? मग नको. तिच्या गुडघ्याचं तिला कळतं, त्याला फोटो काढायची गरज नाही. आणि डॉक्टर म्हटलं की ते लगेच कापाकापीवर येतात. दर्शन चिडून गेला. मला मात्र चीफचाच राग आला. स्वतःचं दुखणं लपवणारा माणूस बायकोलाही डॉक्टरकडे जाऊ देत नाही, म्हणजे कमाल झाली, असं मी घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. सुटलो या आनंदात मी जास्त विचार केला नाही.

त्यानंतर नकाशा चीफनी स्वतःच्या हातात घेतला. फरशा उखडलेल्या उघड्या जमिनीवर त्यांनी मास्किंग टेप चिकटवली. इथे पलंग, इथे सरकतं दार, जिन्याखालचा टॉयलेट वाढवून तिथे शॉवर, स्वयंपाकघराची भिंत तशीच, फक्त वरच्या अर्ध्या भागात काच. आठवडाभर ते ताईंना त्या रेघांमधून फिरवत होते. सकाळी उठल्यावर आधी कुठे जातेस? दुधाच्या पातेल्याला हात कुठून घालतेस? सगळं विचारून रेघा सरकवायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते या घराबद्दल ताईंना काही विचारत होते, आणि ताई लंगडायचं विसरून भराभर दाखवत होत्या. मी मधे गेले तर चीफ ओरडले की मी त्यांच्या पलंगावर उभी आहे.

भिंती पाडायच्या दिवशी सकाळी दर्शनही आला. कॉन्ट्रॅक्टर गोह हातोडा घेतलेल्या माणसाला घेऊन छोट्या खोलीपाशी उभा राहिला. दर्शनने त्याला आधी दिलेलं चित्र त्याच्या हातात होतं.

"आंटी, धिस वॉल हॅक ऑर नो हॅक?"

"नो हॅक," चीफ म्हणाले. ताईंचं तोंड उघडायच्या आधीच. दर्शनने वडिलांकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे. काय समजला कोण जाणे, पण पुढे येऊन त्याने ते चित्र गोहच्या हातातून घेतलं आणि घडी करून खिशात घातलं. भिंत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

काम संपलं तसं ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. खोली सुरेख झाली होती. पलंगाच्या उंचीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं हाताशी. सरकतं दार एका बोटाने सरकत होतं. चीफ पलंगावर बसून उठून दाखवत होते, ताईंना किती सोयीचं आहे म्हणून, आणि उठताना त्यांना कण्हावं लागत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी ताईंनी कुंडी ठेवून दिली होती. वर आता पाहुणे.

बाहेरच्या दाराशी चपलांच्या कपाटाला लागून एक अरुंद, उंच कप्पा होता. टेपच्या रेघांमध्येही तो होता, पण कशासाठी ते चीफनी कुणाला सांगितलं नव्हतं. छत्र्यांसाठी का, असं मी विचारलं. चीफनी तो उघडला. आत खुंटीला ताईंची रॅकेट टांगलेली होती. नव्या तारा भरलेली.

म्हणजे हा माणूस त्या गुडघ्यांनी वर जाऊन, बॅगांच्या मागून ती काढून घेऊन आला होता.

ताई रॅकेटकडे बघत राहिल्या. दर्शन काहीतरी बोलणार होता, मी त्याला आमटी वाढली.

"आता जिना चढायचा नाही म्हटल्यावर तुझे गुडघे बरे होणारच," चीफ शांतपणे म्हणाले. "बुधवारपासून जायला लाग."

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि भात आणायला स्वयंपाकघरात गेल्या. अजिबात न लंगडता. चीफनी त्या गेल्या त्या दिशेला पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी ताटात बघून जेवत राहिले. डॉक्टरची वेळ त्यांनी का रद्द केली ते मला तेव्हा कळलं, आणि त्यांना दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

बुधवारी ताई कोर्टवर आल्या. चीफही आले, लिफ्टने खाली उतरून, सावकाश चालत, आणि बाकावर पेपर घेऊन बसले. गुण मोजायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. ताई सर्व्हिस करायला उभ्या राहिल्या आणि मधेच थांबून जाळीपाशी आल्या.

"मेधा, यांना कधीपासून माहीत होतं गं?"

"तुम्ही पहिल्यांदा पाय बदललात तेव्हापासून," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की सर्व्हिस जाळीत गेली. बाकावरून चीफनी तो गुण मला दिला.