आईचं नाव शेवटी येतं

माझ्याकडे आईच्या आवाजाची एकच रेकॉर्ड आहे. लाखेची, जड, कडेचा टवका उडालेली. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. त्या काळी गाणं संपता संपता काही गायिका आपलं नाव सांगत. तीन मिनिटांच्या शेवटी आईही घाईघाईने स्वतःचं नाव सांगते. तिचं बोलणं म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं.

पोलादी पिन रेकॉर्ड खरवडते, आणि गाणं जिथे संपतं त्या लेबलाजवळच्या रेषा आधी झिजतात. म्हणजे मी जितकं ऐकणार, तितकं आधी तिचं नाव पुसणार.

साठीच्या दशकात मी कोकणातून सिल्वासाला शिक्षक म्हणून आलो. शाळेचा शिपाई जवळच्या अथाल गावचा होता. माझा चावीचा ग्रामोफोन त्याने ऐकला, पिन बोटाला लावून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी बाभळीचे वाळलेले काटे आणून दिले. म्हणाला, "गुरुजी, हा बाईला टोचणार नाय."

काट्याने आवाज बारीक येई, पण मऊ. दर वेळी नवा काटा आणि महिन्यातून एकदाच ऐकायचं, असा नियम मी घालून घेतला.

पुढे कचेरीतल्या एका साहेबांनी मुंबईहून विजेचा रेकॉर्डप्लेअर आणला. साहेब कशाचंही उद्घाटन करत. या यंत्राला तर हारही घातला होता. नव्या रेकॉर्डी खरखरत नाहीत, अर्धा तास वाजतात, फुटत नाहीत, असं भाषण झालं. पुराव्यादाखल त्यांनी एक जमिनीवर टाकली. फुटली नाही. टाळ्या झाल्या. मी सोबत नेलेली आईची रेकॉर्ड छातीशी आणखी घट्ट धरली.

यंत्राचा दांडा पिसासारखा हलका होता. त्याने रेषा झिजणार नाहीत आणि नाव स्वच्छ ऐकू येईल, या आशेने मी गेलो होतो. शेवटी धीर करून विचारलं.

"आणा, ही म्हातारीही लावून बघू," साहेब म्हणाले.

गायली तेव्हा आई बावीस वर्षांची होती. मी रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी वेग वाढवला, जुन्या रेकॉर्डींसाठीची सुई फिरवून घेतली. आणि मला पहिल्यांदाच ऐकू आलं की अंतऱ्याआधी आई श्वास घेते. इतकी वर्षं तो श्वास खरखरीखाली पडून होता. मी पुढे सरकून बसलो. शेवटची तान आली, संपली, आणि खट्‌ करून दांडा आपोआप उचलला गेला.

"बघितलंत? हात लावायला नको," साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या.

शेवटी थोडं बोलणं आहे, ते राहिलं, असं मी सांगितलं. साहेबांनी पुन्हा लावली. दांडा पुन्हा तिथेच उठला. नव्या रेकॉर्डींवर त्या जागी काही नसतं म्हणे. दांड्याचं ते आपोआप उठणं बंद करायची सोय नव्हती. "गाणं तर पूर्ण झालं ना, गुरुजी?"

घरी येऊन मी नवा काटा बसवला आणि नियम मोडून तो अगदी शेवटच्या रेषांवर टेकवला. खरखर, आणि खरखरीच्या तळाशी आईचं नाव. अर्धं ऐकू आलं, अर्धं मला ठाऊक होतं.

त्यानंतर मी चांगली यंत्रं घेतली, दांडा मध्येच न उचलणारीही. रेकॉर्ड कपाटात आहे, सोबत शिपायाने दिलेला शेवटचा काटा. नाव अजून तिथे आहे का, हे मी तपासलेलं नाही.