पळायचं नाही

शहाद्याच्या कॉलेजात फार्मसीला आले तेव्हा मला कशाकशाची भीती वाटत होती ते आज सांगितलं तर लोक हसतील. डोक्यावरचा पंखा कुरकुरायचा, तो अंगावर पडेल अशी भीती. जिन्यावरून सर उतरताना दिसले की भिंतीला चिकटून उभी राहायचे. आणि सगळ्यात मोठी भीती तोंड उघडायची.

आमचा पाडा नर्मदेच्या काठचा. धरणाचं पाणी चढलं तसा तो वर डोंगरावर सरकला. घरून निघायचं म्हणजे आधी बोट, मग जीप, मग एसटी. घरात आम्ही आमची बोली बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, तीही पुस्तकातली. शहाद्यात उतरले तर पुस्तकातली मराठी कुणी बोलतच नव्हतं. जिकडेतिकडे अहिराणी. पहिल्याच दिवशी मेसच्या मावशींनी माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "भात ली ऱ्हायनी का वं?" मला काही कळलं नाही. मी नुसती बघत राहिले. मागच्या मुली हसल्या. त्यानंतर काही दिवस मी मेसमध्ये गेलेच नाही. आईने बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या, त्या पाण्यात भिजवून खाल्ल्या.

माझ्या खोलीत जी मुलगी आली ती मलावीची; पुढे तीच माझी मैत्रीण झाली. मलावी कुठे असतं ते तिनेच मला फोनमधल्या नकाशात दाखवलं. तीही माझ्यासारखीच नुकती आलेली. तिची इंग्रजी मला निम्मी कळायची, माझी इंग्रजी तिला तेवढीसुद्धा नाही. आम्ही दोघी आपापल्या खाटेवर बसून भिंतीकडे बघत असू.

कॉलेजात परदेशातून आलेली दहा-बारा मुलंमुली होती. त्यांच्यातली जुनी मुलं नव्यांना भेटायला येतात, हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दार वाजलं आणि एक उंच मुलगी आत आली. शेवटच्या वर्षाला होती, मलावीचीच. तिला सगळे दीदी म्हणत. तिच्या हातात बादली, मग, कुलूप आणि कपडे वाळत घालायची दोरी. सगळं तिने माझ्या मैत्रिणीच्या खाटेजवळ ठेवलं, तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलली, तिला जवळ घेतलं. ती पोर रडली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण हे माझं नव्हतं. मग दीदी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तू पण नवीन ना?"

मी मान हलवली.

"बादली आहे?"

नव्हती. ती गेली आणि थोड्या वेळाने दुसरी बादली घेऊन आली. म्हणाली, "उद्या जेवायला आमच्याबरोबर. मावशी 'ली ऱ्हायनी का', म्हणजे 'घेतेस का', म्हणाल्या तर म्हणायचं, 'हा मावशी, ली ऱ्हायनी.' बस. एवढ्यावर मी पहिला महिना काढला." सातासमुद्रापलीकडून आलेली मुलगी मला माझ्याच जिल्ह्यातली भाषा शिकवत होती. पण त्या वेळी मला त्यात काही गमतीचं वाटलं नाही. मी ते वाक्य पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी भात घेतला.

जुन्या मुलांनी आम्हा नव्यांना बसवून बरंच काही सांगितलं. पाणी उकळून प्यायचं. कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. कॉलेजचं कार्ड गळ्यात ठेवायचं. आणि कधी भोवती गर्दी जमली, लोक चिडलेले असले, तर पळायचं नाही. तिथेच खाली बसायचं. हे शेवटचं सांगताना दीदी हसत नव्हती. सुदानहून आलेला एक उंच, लाजरा मुलगा होता, त्याने विचारलं, "का?" ती म्हणाली, "पळणाऱ्याच्या मागे माणसं पळतात. मला माझ्या सीनियरने सांगितलं होतं." माझ्या मनात आलं, मला कोण काय करणार आहे? मी तर इथलीच.

त्या दिवसांत फोनवर एक अफवा फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, बाहेरची माणसं आहेत, सावध राहा. आमच्या मेसमध्येही मावशी एकमेकींना दाखवायच्या. मी ते ऐकलं होतं, पण आमच्याशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नाही.

नवी मुलं आली की पहिल्या एखाद्या रविवारी त्यांना प्रकाशाला न्यायचं, ही त्या मुलांची रीत. तापीच्या घाटावर बसायचं, देवळं बघायची, भजी खायची आणि परत. मलाही त्यांनी नवीन म्हणूनच नेलं. दीदी, माझी मैत्रीण, तो सुदानचा मुलगा आणि मी. जाताना एसटीने गेलो. घाटावर मुलगा पाण्यात पाय सोडून खूप वेळ बसला. त्याच्या घराजवळही मोठी नदी आहे, असं त्याने सांगितलं. येताना एसटी लवकर मिळेना, म्हणून आम्ही जीपने निघालो. आडरस्त्याने जाताना एका गावाच्या अलीकडे ती पंक्चर झाली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. स्टेपनीत हवा नव्हती. जीपवाला चाक काढून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघून गेला. बाकीचे प्रवासी चालत गावाकडे गेले. आम्ही पपईच्या बागेच्या कडेला सावलीत उभे राहिलो.

दुपार उतरू लागली होती. पलीकडच्या शेतात बायका कापूस वेचत होत्या. रस्त्याच्या कडेने एक छोटी मुलगी चालत येत होती, तीन-साडेतीन वर्षांची असेल. खडीला अडखळून ती तोंडावर आपटली आणि जोरात रडली. माझी मैत्रीण धावली. तिने तिला उचललं, गुडघा झटकला आणि कडेवर घेऊन डोलवू लागली. मैत्रिणीची धाकटी बहीण एवढीच आहे. त्या चिमुरडीने वर बघितलं, तो काळा अनोळखी चेहरा बघून ती आणखीनच किंचाळली.

शेतातून कुणीतरी ओरडलं, "पोरगीले ली जाई ऱ्हायनात! धावा रे!"

पुढचं सगळं इतकं पटापट घडलं की मला तुकडे तुकडेच आठवतात. त्या चिमुरडीची आई धावत आली आणि तिने मुलीला हिसकावून घेतलं. ओटीतला कापूस रस्ताभर सांडला होता. मग माणसं. शेतातून, गावाकडून, मोटरसायकलींवरून. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फोन. एका माणसाने सुदानच्या मुलाची गचांडी धरली आणि त्याच्या तोंडात मारली. तो मागे सरकला. मी त्याचे पाय बघितले, ते पळायच्या तयारीत होते.

"बसा!" दीदी ओरडली. "खाली! आत्ता!"

ती स्वतः मातीत बसली आणि मैत्रिणीला ओढून खाली बसवलं. मुलगा बसला. मी उभीच होते. तिने माझी ओढणी धरून मला खाली खेचलं.

खाली बसल्यावर फक्त पाय दिसत होते. चपला, बूट, चिखलाचे अनवाणी पाय. खालून माणसं फार उंच दिसतात. मला वाटलं, आता आपण मरणार. हे वाक्य मी आधी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा मला वाटायचं, माणूस असं नुसतं म्हणतो. पण खरंच तेच वाटतं, अगदी साधं, आणि त्याच्या मागे दुसरा विचारच येत नाही.

दीदीने गळ्यातलं कार्ड वर धरलं आणि अहिराणीत म्हणाली, "दादा, आम्ही कॉलेजमा शिकतस. मले तीस लागनी. पानी द्या ना कोनी."

एकाने काठी खाली घेतली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "देखा, भाशा बी शिकी लिन्ही इन्ही! असाच ऱ्हातस त्या टोळीवाला. कार्ड त खोटं बी ऱ्हास." आणि गलका पुन्हा वाढला. दीदीचा हात माझ्या हातात होता.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू यास्नी कोन वं? तू कोठली शे?"

मला गावाचं नाव सांगायचं होतं. तोंडातून हवा निघाली, शब्द निघाला नाही. मराठी गेली, अहिराणी तर आलीच नव्हती.

"बोलत काब नही? हाई एजंट शे यास्नी. हाईच दाखाडस त्यास्ले घरं!"

कुणीतरी माझी वेणी धरून मान वर केली.

कापूस वेचणाऱ्या बायकांतली एक गर्दीतून वाट काढत पुढे आली. वेचणीसाठी डोंगरातून उतरलेली असावी; कमरेला कापसाची झोळी, हातांवर गोंदण. तिने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आमच्या बोलीत विचारलं, कुठल्या पाड्याची, बाप कोण, आई कुठली. आईच्या भाषेतले ते प्रश्न कानावर पडले आणि माझं तोंड उघडलं. मी सगळं सांगितलं. पाडा, बाप, आजा, बोट कुठे लागते तेही. बोलता बोलता रडायला लागले आणि रडता रडता बोलत राहिले. तिची मावशी आमच्या पलीकडच्या पाड्यात दिलेली निघाली.

ती उठून लोकांना सांगू लागली, "आपली डोंगरनी पोर शे ती. शिकाले येल शे."

"तू गप ऱ्हाय वं, मजूर बाई," तो काठीवाला म्हणाला आणि त्याने तिला बाजूला ढकललं.

तिच्या शब्दाला तिथे काही वजन नव्हतं. मला वाटलं, ती आता निघून जाईल. तिला तिथेच काम करायचं होतं, मजुरी तिथूनच घ्यायची होती. पण ती आली आणि आमच्यासमोर, आमच्यात आणि त्या पायांच्या मध्ये, झोळी मांडीवर घेऊन बसली. मग तिच्याबरोबरच्या आणखी दोघी तिच्याशेजारी येऊन बसल्या. आता मारायचं तर आधी त्यांना उठवावं लागलं असतं. कुणी त्यांना उठवलं नाही. शिव्या चालू होत्या, फोन वर धरलेले होते, पण हात थांबले.

तसे आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. जीपवाला चाक घेऊन परत आला तेव्हा लांबूनच ओरडला, "आरे, मन्ही गाडीमा बसेल पोरं शेतस या! कॉलेजना शेतस!" त्याच्या मागोमाग गावचे पोलीस पाटील आले. म्हातारा माणूस, धापा टाकत. त्यांनी आधी सुदानच्या मुलाच्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं आणि मग गर्दीकडे. "कोन हात लावना रे याले?" जे सगळ्यांत पुढे होते तेच आधी पांगले. पाटलांनी आम्हाला शाळेच्या ओट्यावर बसवलं, कॉलेजला फोन केला आणि आमची गाडी येईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या मुलीची आई लांब उभी होती. जवळ आली नाही, आणि गेलीही नाही. डोंगरातल्या त्या बायका कधी उठून गेल्या ते मी बघितलंच नाही. त्यांच्यातल्या एकीचंही नाव मी विचारलं नव्हतं.

होस्टेलवर आल्यावर दीदीने सगळ्यांसाठी चहा केला, मुलाच्या ओठाला औषध लावलं, मेसच्या मावशींना सांगून खिचडी टाकायला लावली. मी तिच्या मागे मागे फिरत होते. मला वाटत होतं, हिच्याजवळ राहिलं तर काही होणार नाही. मग ती न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडलेला होता, तरी मला आतून आवाज ऐकू आला. ती रडत नव्हती, ओकत होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "दीदी, तुला पण भीती वाटली?"

"अजून वाटते आहे," ती म्हणाली. "तुला सांगू? मला नव्हतं माहीत ते चालेल की नाही. बसायचं ते. मी ऐकलं होतं फक्त."

हे ऐकून मी तेव्हा जास्तच घाबरले.

काही दिवसांनी पाटील दोन माणसांना घेऊन होस्टेलवर आले. सोबत पपया आणल्या होत्या. रेक्टर मॅडमनी आम्हाला खाली बोलावलं. दीदी गेली, मीही गेले. माणसांनी हात जोडले. "चुकी व्हई गयी, बेन." दीदीने मान हलवली. माझी मैत्रीण खोलीतून बाहेर आली नाही. पपया मेसमध्ये कापल्या गेल्या आणि बाकी सगळ्यांनी खाल्ल्या. आमच्यापैकी कुणी घेतल्या नाहीत. त्यात राग नव्हता, हात पुढे झाले नाहीत एवढंच.

सुदानचा मुलगा सत्र संपल्यावर घरी गेला तो परत आला नाही. माझ्या मैत्रिणीने कितीतरी दिवस फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. मीही तिच्याबरोबर आतच राहिले. साबण, वह्या, औषधं, सगळं दीदी आणून द्यायची. तिला स्वतःला जायला काय वाटत असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही. वर्ष संपलं आणि ती तिच्या देशात परत गेली. निघताना तिने आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं, "आता नवी मुलं येतील. त्यांना आणायला कोण जाईल?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाही म्हणावं असं दोघींनाही वाटत होतं.

पुढच्या वर्षी नंदुरबार स्टेशनवर आम्ही दोघी गेलो. सुरतेकडून गाडी आली. डब्यातून एक मुलगी उतरली, तिच्या कमरेएवढी बॅग, अंगात एवढ्या उन्हात स्वेटर. फलाटावरची माणसं थांबून बघू लागली. एकाने फोन वर केला. मी जागीच थांबले, शेजारी मैत्रीणही थांबली. मग ती पुढे झाली. तिने त्या माणसाला अहिराणीत म्हटलं, "दादा, फोटो नका काढू. ती भ्यायेल शे." त्याने ओशाळून फोन खिशात घातला.

आम्ही बॅग दोन्हीकडून धरून जिन्यावरून खाली आणली. कॉलेजच्या गाडीत बसल्यावर ती नवी मुलगी इंग्रजीत हळूच म्हणाली, "इथले लोक चांगले आहेत का?"

मैत्रीण माझ्याकडे बघू लागली. ते उत्तर मीच द्यायचं होतं, मी इथली होते. मला पाटील आठवले, काठीवाला आठवला, झोळी मांडीवर घेऊन बसलेली ती बाई आठवली. एवढं सगळं सांगण्याइतकी इंग्रजी मला अजून येत नव्हती.

"काही खाल्लं आहेस का?" मी विचारलं. तिने खाल्लं नव्हतं. मग आम्ही गाडी थांबवली.